सुवर्णतासाच्या आधीची दहा मिनिटे

१ जुलै २०२३. मध्यरात्र उलटून दीडच्या सुमारास नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात उलटली आणि पेटली. बसमधील ३३ जणांपैकी २५ जणांचा होरपळून मृत्यू झाला. दरवाजाची बाजू खाली गेल्याने वाट बंद झाली होती. जे वाचले, त्यांतले काही खिडकीची काच फोडून बाहेर पडले. याच महिन्याच्या २९ तारखेला मलकापूर येथे दोन खासगी बसगाड्यांची धडक होऊन आणखी सहा जण दगावले. एका महिन्यात दोन मोठे अपघात बुलडाणा जिल्ह्याने सोसले.

योगायोग असा की, पिंपळखुट्याच्या दुर्घटनेनंतर तीनच दिवसांनी, ४ जुलै २०२३ रोजी, राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार आणि आधुनिकीकरण करण्याची केंद्राची योजना सुरू झाली. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतून त्यासाठी ५,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. बहुतेक राज्यांना प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो. नवी केंद्रे, प्रशिक्षण आणि आधुनिक साहित्य यासाठी हा पैसा आहे. प्रश्न एवढाच की, बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात तो कोणत्या क्रमाने खर्च व्हावा? याचे उत्तर वैद्यकशास्त्राच्या घड्याळात शोधावे लागते.

मोटार वाहन कायद्याने 'सुवर्णतास' म्हणजे गंभीर दुखापतीनंतरचा पहिला तास असे म्हटले आहे. या तासात योग्य उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. पण बंद वाहनाला आग लागली की एवढा वेळही हाती नसतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणूस भाजण्याआधीच गुंगतो आणि समोर खिडकी असूनही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मोठा रक्तस्रावही काही मिनिटांतच जीव घेतो. म्हणजे पहिली दहा मिनिटे बसमधल्या प्रवाशांची, मागून येणाऱ्या वाहनचालकांची आणि जवळच्या गावकऱ्यांची असतात. सरकारी गाडी कितीही नवी असली तरी ती त्यानंतरच येते.

म्हणून साहित्याचे तीन टप्पे करायला हवेत. पहिला टप्पा स्वस्त आहे: प्रत्येक बसमध्ये काच फोडण्याची हातोडी, अग्निशामक नळकांडे आणि उघडणारा संकटकालीन दरवाजा. यासाठी अनुदान लागत नाही, नियमित तपासणी लागते. टोलनाके, पेट्रोल पंप, महामार्गालगतचे ढाबे येथे रक्तस्राव थांबवणारे पट्टे, भाजलेल्यांसाठी स्वच्छ चादरी आणि ते वापरायला शिकलेली चार माणसे असावीत.

दुसरा टप्पा बचाव पथकाचा. चेपलेल्या केबिनमधून चालकाला सोडवायला पत्रा कापणारे हायड्रॉलिक कटर आणि पत्रा फाकवणारे यंत्र लागते. आपल्याकडे अग्निशमन हे मुख्यतः नगरपरिषदांचे काम, आणि महामार्ग जातो शिवारातून. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या भागांतली पथके आणि महामार्गाची स्वतःची जलद प्रतिसाद वाहने यांनी हद्द न पाहता कोणी कुठे धावायचे, हे कागदावर आधीच ठरलेले हवे. मोठा बंब शहराच्या मध्यभागी उभा राहिला तर त्याचा महामार्गाला उपयोग थोडा.

तिसरा टप्पा रुग्णवाहिकेचा. महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह '१०८' सेवा सुरू झाली आणि तीत डॉक्टर असतो, ही मोठी जमेची बाजू. पण धुरात सापडलेल्या रुग्णाबाबत एक फसगत होते. बोटाला लावायचे साधे ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांत फरक करू शकत नाही. रुग्ण गुदमरत असताना ते ९८ टक्के दाखवू शकते. त्या आकड्यावर विसंबून ऑक्सिजन बंद केला तर घात होतो. अशा रुग्णाला मास्कमधून पूर्ण दाबाचा ऑक्सिजन देत राहिले की रक्तातील हा वायू निम्म्यावर यायला लागणारा चार-पाच तासांचा काळ साधारण दीड तासावर येतो. येथे महाग यंत्रापेक्षा भरलेले सिलिंडर आणि प्रशिक्षित हात उपयोगी पडतात.

यंत्रे घेणे सोपे, चालू ठेवणे अवघड. केंद्राने २०१५ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हाच्या पाहणीत वेगवेगळ्या राज्यांत सरकारी रुग्णालयांतील १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली होती. फीत कापल्याचा फोटो छापून येतो, बॅटरी उतरल्याचा येत नाही. खरेदीच्या प्रस्तावातच देखभालीचा करार, सुटे भाग आणि चालवणाऱ्याचे पद या तिन्हींची तरतूद नसेल तर तो प्रस्ताव अपुरा समजावा. रात्री दोन वाजता हे यंत्र कोण चालवणार, याचे उत्तर पदनामासह मिळायला हवे. तीन महिन्यांतून एकदा, तेही रात्रीच्या अंधारात, महामार्गावर रंगीत तालीम व्हावी आणि फोन आल्यापासून पथक पोहोचेपर्यंतची मिनिटे जाहीर व्हावीत.

रुग्णालयाची बाजूही सावरते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालेल्या राज्यातील दहा वैद्यकीय महाविद्यालयांत बुलडाणा आहे. मे २०२५ पासून रस्ते अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या कॅशलेस उपचारांची केंद्रीय योजना लागू झाली आहे. मात्र, या दोन्हींचा लाभ रुग्णालयाच्या दारापर्यंत जिवंत पोहोचणाऱ्यालाच मिळतो.

तोपर्यंत प्रवाशाने दोन गोष्टी कराव्यात. बसमध्ये बसताच संकटकालीन दरवाजा आणि हातोडी कुठे आहे ते पाहावे; दिसली नाही तर गाडी सुटण्याआधीच विचारावे. आणि अपघात दिसला तर १०८ किंवा ११२ वर फोन करताना रस्त्याकडेच्या फलकावरचा किलोमीटर क्रमांक व गाडी कोणत्या दिशेच्या मार्गिकेवर आहे ते सांगावे. त्या दोन शब्दांनी पथकाचा चुकीच्या बाजूचा फेरा वाचतो.