पडद्यावरचा वेग आणि समृद्धीवरचा चालक

आमच्या बुलडाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतली पोरे आज मोबाईलवर अमेरिकन मारधाडीचे सिनेमे हिंदीतून पाहतात. २००१ साली सुरू झालेल्या ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या मालिकेतल्या गाड्यांची नावे अनेकांना तोंडपाठ असतात. घरात धड सायकल नसली तरी गाडी म्हणजे मर्दुमकी आणि वेग म्हणजे स्वातंत्र्य, हे समीकरण मनात पक्के बसते. पोरांनी सिनेमा पाहू नये, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र हा सिनेमा काय दाखवतो आणि काय लपवतो, हे त्यांना सांगणे चळवळीचे काम आहे.

पहिली लपवाछपवी श्रमाची. १९६८ चा ‘बुलिट’ हा सिनेमा सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवरील मोटारींच्या पाठलागासाठी जगभर गाजला. नायक स्टीव्ह मॅक्वीनने काही प्रसंगांत गाडी स्वतः चालवली. पण जिवावर बेतणारे प्रसंग बड एकिन्स यांच्यासारख्या स्टंट करणाऱ्यांनी केले. पोस्टरवर चेहरा एकाचा, धोक्यात जीव दुसऱ्याचा! ही वाटणी आमच्या समाजाला नवी आहे काय?

दुसरी लपवाछपवी मरणाची. पडद्यावर गाड्या उलटतात, पेटतात. आत कोण होते, त्याच्या घरी कोण वाट पाहत होते, हे कुणी विचारीत नाही. याच मालिकेचा नायक पॉल वॉकर ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात मोटार अपघातात ठार झाला. गाडी त्याचा मित्र चालवीत होता. तपासात वेग ताशी सुमारे १३० ते १५० किलोमीटर निघाला. दोघेही वाचले नाहीत.

आता आमच्या जिल्ह्याकडे या. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. तो आमच्या मेहकर, सिंदखेडराजा भागातून जातो. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा; दुचाकीला आणि बैलगाडीला मज्जाव! रस्ता आमच्या शिवारातून, पण आमच्या लोकांच्या वाट्याला त्याचे स्टिअरिंग येते ते मालकाच्या गाडीचे. १ जुलै २०२३ च्या पहाटे, जिजाऊंच्या सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. २५ प्रवाशांचा कोळसा झाला. ओळख पटेना म्हणून बुलडाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले.

त्या अपघाताचा दोष कुणाचा, हे ठरविणे न्यायालयाचे काम. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. प्रत्येक अपघातानंतर चालकाकडे बोट दाखवून व्यवस्था मोकळी होते. तो किती तास जागा होता? त्याला विसावा कुठे मिळतो? संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग गाडीत खरोखर उघडतो काय? बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यांतील कामगारांसाठी आठवड्याच्या ४८ तासांचा कायदा आला. पुढे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकांच्या कामालाही साधारण दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. आता कामगार कायद्यांच्या जागी संहिता आल्या. कागद बदलला, रात्रभर गाडी हाकणाऱ्याच्या डोळ्यांवरची झोप मात्र तीच आहे.

अमेरिकेचा मोटारीशी दुसराही इतिहास आहे. तो पाठलागाच्या सिनेमात सापडत नाही. कोणत्या गावात काळ्या माणसाला जेवण आणि मुक्काम मिळेल, हे सांगणारे ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून निघत होते. गाडी स्वतःची असूनही रस्ता स्वतःचा नव्हता! १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडण्यास नकार दिला. तेथील काळ्या समाजाने ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. लोक पायी चालले. ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी शेजाऱ्यांना कामावर नेऊन सोडले. तिथे मोटार समाजाच्या कामी आली.

आणि बाबासाहेबांचा अनुभव? १९२९ मध्ये ते चाळीसगावला उतरले, तेव्हा टांगेवाल्यांनी महाराला घेऊन टांगा हाकायला नकार दिला. बाबासाहेबांनी पायी जावे, हे वस्तीतल्या लोकांना अपमानाचे वाटले. त्यांनी टांगा भाड्याने मिळवला. हाकायला आपल्यातलाच एक जण बसला. त्याला सवय नव्हती. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले; घोडा टांग्यासह नदीत पडला. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. लोकांनी त्यांचा सन्मान राखला, पण सुरक्षितता हातची गेली. कारण ज्याला हाकण्याची कला येत होती, त्याने जातीपायी हात आखडला होता.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की सन्मान आणि सुरक्षितता या दोन्ही गोष्टी एकत्रच मागायच्या असतात. आमचे तरुण ट्रक, ट्रॅव्हल्स, टॅक्सी चालवतात. त्यांनी पडद्यावरच्या नायकाचा वेग उचलू नये. उत्तम प्रशिक्षण घ्यावे, संघटित व्हावे, ठरलेल्या तासांपुढे गाडी चालवण्यास नकार देण्याचा हक्क मागावा. विसाव्याच्या जागा, सुस्थितीतील गाड्या, गावोगावी एस.टी. यांसाठी चळवळीने आवाज उठवावा. चालकाचा आणि प्रवाशाचा जीव स्वस्त धरून धावणाऱ्या रस्त्याला आम्ही समृद्धी म्हणणार नाही.

जयभीम!