चर्चेला निर्णयाची जागा हवी

विलेपार्ल्यात राजकारणावर मत नसलेला माणूस मुद्दाम शोधावा लागेल. उद्यानातील बाकावर, केशकर्तनालयात, लोकलच्या डब्यात आणि व्याख्यान संपल्यानंतर रेंगाळणाऱ्या श्रोत्यांत पूर्वी जी चर्चा चाले, तिचा मोठा भाग आता मोबाईलवर सरकला आहे. व्हॉट्सॲपचा गट गृहनिर्माण संस्थेचा असो, शाळेतील जुन्या सवंगड्यांचा असो वा नातलगांचा. पाणी कधी येणार ही चौकशी मागे पडते आणि दिल्लीतील सत्ता, आरक्षण, भाषा, मंदिर आणि मशीद यांवर रात्री उशिरापर्यंत खडाजंगी चालते. या वादात कोणी कोणाचे मत बदलल्याचे क्वचितच दिसते. तरीही दुसऱ्या दिवशी तीच माणसे त्याच हिरिरीने पुन्हा उतरतात. ती का उतरतात, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. लोकशाहीवर निष्ठा असलेल्या कार्यकर्त्याला तर तो टाळताच येणार नाही.

आपल्या कार्यकर्त्यांत या प्रश्नाची दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले तुच्छतेचे: हा रिकामपणाचा उद्योग आहे, मोर्चाला बोलावले तर यांतला एकही येणार नाही. दुसरे अनुकरणाचे: प्रतिपक्षाने पगारी प्रचारकांची फौज उभी केली आहे, तेव्हा आपणही तशीच उभारावी आणि शिवीला शिवीने उत्तर द्यावे. ही दोन्ही उत्तरे वरवर परस्परविरोधी दिसली तरी त्यांचे मूळ एकच आहे. बोलणाऱ्या माणसाला काय हवे आहे, हे विचारण्याचे कष्ट दोन्हीही घेत नाहीत.

हिशेबी अर्थशास्त्राने हा प्रश्न विचारला, पण त्याला उत्तर सापडले नाही. १९५७ साली अमेरिकेत अँथनी डाऊन्स यांनी लोकशाहीचा आर्थिक हिशेब मांडला. लाखो मतांत एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य असते. म्हणून राजकारणाची माहिती मिळवण्यात वेळ घालवणे सामान्य मतदाराला परवडणारे नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. हा हिशेब खरा असता तर निवृत्त पार्लेकराने सकाळी दोन वर्तमानपत्रे वाचून दुपारभर वाद घातलाच नसता. पुढे १९८२ मध्ये अल्बर्ट हर्शमन यांनी या विचारातील उणीव दाखवली. सार्वजनिक कार्यात कष्ट आणि लाभ असे दोन रकाने पाडता येत नाहीत. त्यात पडणे हाच लाभाचा भाग असतो, असे सांगताना त्यांनी तीर्थयात्रेचा दाखला दिला. महाराष्ट्राला हे समजावून सांगायला नको. आळंदीहून पंढरपूरला एसटीने काही तासांत पोचता येते, तरी वारकरी पायी चालतो. चालणे हा त्याच्या लेखी वारीचा खर्च नसतो, चालणे हीच वारी असते.

राजकीय चर्चेत उतरणारा माणूसही असाच चालण्यासाठी आलेला असतो. या देशाच्या कारभारात माझा काही वाटा आहे, माझ्या होकाराला आणि नकाराला काही किंमत आहे, असे त्याला चारचौघांत सिद्ध करायचे असते. मत बदलणे किंवा बदलवणे ही नंतरची गोष्ट. आपली गणती व्हावी, ही मूळ भूक आहे. ती निंद्य नाही. किंबहुना तिच्यावाचून लोकशाही उभीच राहत नाही. प्रश्न एवढाच की ही भूक कोण भागवतो आणि कशाने भागवतो.

या दृष्टीने पार्ल्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. लोकमान्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने येथे १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. ज्या वस्तीने व्याख्याने ऐकली, त्याच वस्तीने शाळा आणि ग्रंथालये चालवली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याला सत्याग्रहींची छावणी पडली. जमनालाल बजाज आणि किशोरलाल मशरूवाला यांच्यासारखी माणसे तेथून तुरुंगात गेली. त्या काळी स्वराज्यावर बोलणाऱ्या माणसापुढे बोलण्याच्या पुढचे पाऊल स्पष्ट होते. सूत कातणे, वर्गणी देणे, छावणीला धान्य पोचवणे, मीठ उचलणे, यांतील आपल्याला झेपेल ते तो निवडू शके. त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन होते आणि बोलण्याची जबाबदारीही होती.

बोलणे बंद झाले की त्याची किंमत कळते, हे २५ जून १९७५ च्या रात्री जाहीर झालेल्या आणीबाणीने शिकवले. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, हजारो कार्यकर्ते गजाआड गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न निर्भयपणे मांडला. १९७७ ची निवडणूक जाहीर होताच, पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचारसभांतून बोलू लागले. लोकांनी मैदाने भरली ती केवळ करमणुकीसाठी नव्हे. दीड वर्ष दबलेला आवाज मोजला जाण्याचा दिवस समोर होता. त्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून मृणाल गोरे लोकसभेवर गेल्या.

परंतु मैदान भरते ते नेहमी स्वातंत्र्यासाठीच, असे मानणे भाबडेपणाचे होईल. दहा वर्षांनी पार्ल्यानेच दुसरे चित्र पाहिले. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि शिवसेनेचे उमेदवार डॉ. रमेश प्रभू विजयी झाले. प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी पार्ले आणि खारदांडा येथे जी भाषणे केली, त्यांत धर्माच्या नावावर मते मागितली गेली, अशी याचिका काँग्रेसचे पराभूत उमेदवार प्रभाकर कुंटे यांनी दाखल केली. एप्रिल १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली. ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. पुढे राष्ट्रपतींच्या १९९९ मधील आदेशाने ठाकरे यांचा मताधिकार डिसेंबर २००१ पर्यंत काढून घेण्यात आला.

या प्रकरणाचे दोन धडे आहेत. पहिला असा की गणती व्हावी ही भूक द्वेषही भागवू शकतो. ज्या माणसाला कारभारात कोणी विचारत नाही, त्याला ‘आपल्या’ लोकांच्या गर्दीत एकदम बळ आल्यासारखे वाटते. शत्रू दाखवून देणारा नेता त्याला आपला वाटतो. दुसरा धडा आज अधिक महत्त्वाचा आहे. त्या शब्दांना बोलणारा होता, तारीख होती, जागा होती. जलतरण मैदानावर १० डिसेंबर १९८७ रोजी काय बोलले गेले, हे न्यायालयापुढे मांडता आले. निकालाला आठ वर्षे लागली. तरीही सार्वजनिक शब्दाचा जाब विचारता येतो, हे त्यातून प्रस्थापित झाले.

मोबाईलवरून पुढे ढकलल्या जाणाऱ्या मजकुराला ना बोलणारा असतो, ना तारीख, ना जागा. ‘आला तसा पाठवला’ एवढ्यावर पाठवणारा मोकळा होतो. ज्यांनी तो मजकूर पगारी माणसांकडून तयार करून घेतला, ते पडद्याआड राहतात. उलटपक्षी, जो स्वतःच्या नावाने लिहितो तो मात्र सापडतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई का बंद ठेवली, असा प्रश्न फेसबुकवर विचारणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला आणि तिच्या मजकुराला पसंती दर्शवणाऱ्या मैत्रिणीला पोलिसांनी अटक केली. त्या अटकेने देश हादरला. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे कलमच घटनाबाह्य ठरवले. नाव लपवणारा सुरक्षित आणि नाव सांगणारा धोक्यात, ही उलटी रीत जेथे रुजते तेथे सज्जन माणूस गप्प बसतो आणि चर्चा आक्रस्ताळ्यांच्या हाती जाते.

मग लोकांनी बोलायचे तरी कोठे? आमच्या मते खरे दुखणे येथे आहे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेत २२७ पैकी एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकाने अंदाजपत्रक मांडायचे आणि प्रशासकानेच मंजूर करायचे. गटार, पदपथ, विमानांच्या उड्डाणमार्गामुळे उंचीच्या बंधनात अडकलेला जुन्या इमारतींचा पुनर्विकास, यांवर पार्लेकराचे मत विचारणारे सभागृहच नव्हते. त्याच काळात दिल्लीपासून युक्रेनपर्यंतच्या प्रत्येक विषयावर त्याचे मत मागणारा मोबाईल मात्र अहोरात्र हातात होता. ज्या प्रश्नावर आपला शब्द उपयोगी पडला असता तेथे दार बंद, आणि ज्यावर तो काडीचाही उपयोगी नाही तेथे दार सताड उघडे, अशी ही अवस्था. वादाच्या कडवटपणाचे मोठे कारण आम्हांला यात दिसते. निर्णय करायचा नसला की तडजोड करण्याचे कारण उरत नाही.

आता नगरसेवक आले आहेत, हे चांगलेच आहे. तथापि एवढ्याने नागरिकाला जागा मिळाली असे होत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या प्रभाग समित्या मुख्यतः नगरसेवकांच्याच आहेत. मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागाचा विचार करावा यासाठी महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मुंबईत ती रुजली नाही. खेड्यातल्या माणसाला निदान ग्रामसभा आहे, शहरातल्या माणसाला तीही नाही.

ग्रामसभा असली की काय घडते, हे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या छोट्या गोंड गावाने दाखवून दिले आहे. तेथे अभ्यासगट बसतो. त्यात गावचे आणि बाहेरचे लोक हवी तेवढी चर्चा करतात, पण निर्णय करीत नाहीत. निर्णय ग्रामसभा करते आणि तोही सर्वसहमतीने. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाने मिळवला. चर्चा आणि निर्णय वेगळे ठेवूनही एकमेकांशी बांधलेले, ही त्या गावाची शिकवण आहे. उद्या ज्याच्याबरोबर बसून बांबूच्या विक्रीचा निर्णय करायचा आहे, त्याला आज देशद्रोही ठरवणे परवडत नाही.

शहरात हे शक्य नाही, असे म्हणणाऱ्यांनी पार्ल्याहून चार-दोन स्थानके पुढे गोरेगावकडे पाहावे. पाण्यासाठी ताटकळणाऱ्या बायकांच्या बोलण्याला भांडण म्हणून हिणवले जात होते. मृणालताईंनी ते बोलणे कान देऊन ऐकले, त्यातून मागणी घडवली आणि ती महापालिकेच्या दारात नेली. १९७२ मध्ये अहिल्या रांगणेकरांसारख्या अन्य पक्षांच्या भगिनींना बरोबर घेऊन महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि हाती लाटणी घेतलेल्या गृहिणी रस्त्यावर आल्या. त्या बायकांना कोणी राजकारण शिकवले नव्हते. आपल्या रोजच्या बोलण्यालाच राजकारण म्हणतात, हे त्यांना अनुभवाने कळले.

यावर एक आक्षेप येईल. चर्चेला अशा निर्णयांशी बांधणे म्हणजे नागरिकाला गल्लीत कोंडणे नव्हे काय? देशाच्या प्रश्नांवर त्याने बोलूच नये काय? अवश्य बोलावे. परंतु देशाचा प्रश्न घरात येतो तो शाळेची फी, औषधाची किंमत आणि मुलाची कंत्राटी नोकरी यांच्या रूपाने. तेथून सुरू झालेली चर्चा दिल्लीपर्यंत नेता येते. दिल्लीपासून सुरू झालेली चर्चा मात्र बहुधा शेजाऱ्याच्या जातीधर्मावर येऊन आदळते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे असे. मोबाईलवरच्या गटांतून पळू नका आणि तेथे फौजही उभारू नका. तेथे स्वतःच्या नावाने लिहा, खात्री केलेलेच लिहा, आणि वाद चढू लागला की माणसांना प्रत्यक्ष भेटीला बोलवा. प्रत्येक प्रभागात महिन्यातून एक सभा भरवा. विषय एकच ठेवा आणि तो असा निवडा की ज्यावर पुढच्या महिनाभरात काही करता येईल. सभेचे टिपण लिहा, ते विभाग कार्यालयाला आणि नगरसेवकाला द्या, आणि आलेले उत्तर, किंवा उत्तर आले नाही हे, पुढच्या सभेत सर्वांसमक्ष वाचा. सभा केवळ सोसायटीच्या आवारात नको. पार्ल्याची धुणीभांडी करणाऱ्या आणि विमानतळालगतच्या झोपड्यांत राहणाऱ्या बायकांचा शब्द मध्यमवर्गीयांच्या गटांत कोठेच उमटत नाही. त्यांच्या वस्तीत, त्यांच्या सवडीच्या वेळी बसा, आणि आधी ऐका. सोबतच क्षेत्रसभेच्या तरतुदीची अंमलबजावणी ही आपल्या नगरसेवकाकडे केलेली पहिली मागणी असू द्या.

या कामाला प्रसिद्धी मिळणार नाही, पहिल्या सभेला कदाचित सातच माणसे येतील. पण आपण बोललो आणि त्याची नोंद झाली, आपल्या शब्दाने एक नळ दुरुस्त झाला किंवा एक अन्याय्य ठराव थांबला, असा अनुभव ज्याला एकदा आला, त्याला मोजले जाण्यासाठी द्वेषाच्या गर्दीत शिरावे लागत नाही. बोलण्याची भूक लोकांत आहेच. त्या बोलण्याला बसायला जागा, ऐकायला माणूस आणि पुढचे पाऊल देणे, एवढे आपल्या हाती आहे.