अळ्यांवर फवारणी, मुळांवर सिमेंट
पावसाळ्याच्या सुरुवातीस शहरांतील बहाव्याची कोवळी पालवी हिरव्या अळ्यांच्या भक्ष्यस्थानी पडते आणि महापालिकांकडे फवारणीची मागणी होऊ लागते. ही मागणी समजण्याजोगी असली तरी अनाठायी आहे.

या अळ्या बहुधा ‘कॉमन एमिग्रंट’ या फिकट पिवळसर फुलपाखराच्या असतात. त्यांच्या अंगावर खाज आणणारे केस नसतात. पानांची चाळण झाली तरी सुदृढ झाड साठवलेल्या अन्नाच्या बळावर पुन्हा पालवते. पक्षी आपल्या पिलांना याच अळ्या भरवतात. उंच झाडावर उडवलेले औषध मात्र वाऱ्याबरोबर खिडक्यांतून घरात शिरते. डायक्लोरव्हॉससारख्या कीटकनाशकावर केंद्र सरकारने २०२०च्या अखेरीपासून पूर्ण बंदी घातली, ती उगाच नव्हे.

मुंबईच्या पर्जन्यवृक्षांची कथा वेगळी. गेल्या दशकात त्यांतील अनेक वृक्ष वाळले, तेव्हा ठपका आला पिठ्या ढेकणावर. हा कीटक पाने खात नाही, रस शोषतो. आणि पाण्यावाचून दुबळे झालेले झाड त्याला सहज बळी पडते. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतल्यावर मुळांना पाणी व हवा मिळणार कोठून? राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश २०१३ मध्येच दिला होता. पदपथांच्या कंत्राटात ही अट किती ठिकाणी दिसते, हे नगरसेवकांना विचारावे.

नव्याने लावलेल्या रोपांची गोष्ट निराळी. त्यांच्याकडे अन्नसाठा नसतो. त्यांवरील अळ्या हाताने वेचाव्यात. फारच झाल्या तर संध्याकाळी निंबोळी अर्क फवारावा.