नेम आणि हाताचा कंप

पांझरेकाठी फेरफटका मारून देवपुरातील घरी परतलेले आजोबा नातवाच्या संगणकावर नेमबाजीचा खेळ खेळून पाहतात. नेम हुकतो, नातू हसतो आणि ‘आता वय झाले’ म्हणत आजोबा उठतात. इतक्यात उठू नये. पुष्कळदा दोष वयाचा नसून बैठकीचा व घाईचा असतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेम धरावा लागतो. म्हणजे आधी शरीर स्थिर, मग नेम. पडद्यावरही तेच खरे.

माउसचा वेग कमी ठेवावा. वेग अधिक असल्यास हाताचा किंचित कंपही पडद्यावर मोठा होतो. माउस आवळून न धरता, हाताला टेबलाचा आधार देऊन तो कोपरापासून फिरवावा. प्रतिस्पर्धी जेथून येण्याचा संभव, तेथे नेमाची खूण आधीच नेऊन ठेवावी. पंधरा-वीस मिनिटांनी थांबून डोळ्यांना व मनगटाला विसावा द्यावा.

एवढे करूनही हात कापत असेल, तर घरच्यांनी खेळाबाहेर लक्ष द्यावे. चहाचा कप उचलताना किंवा सही करताना होणारा कंप थकव्याने व अति चहा-कॉफीने वाढू शकतो. हात मांडीवर स्वस्थ असतानाही थरथरत असेल, चाल मंदावली असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नये, डॉक्टरांना दाखवावे.