विश्लेषण : ‘दा विंची कोड’ला इतिहास समजणाऱ्या वाचकांचे नेमके कुठे चुकले?

डॅन ब्राऊन यांच्या ‘द दा विंची कोड’ (२००३) या कादंबरीत कथा सुरू होण्याआधी एक पान आहे. मथळा ‘तथ्य’. ‘प्रायरी ऑफ सायन’ ही १०९९ मध्ये स्थापन झालेली खरी गुप्त संघटना आहे, पुस्तकातील कलाकृती, वास्तू व दस्तऐवजांची वर्णने अचूक आहेत, असे ते सांगते. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मग ‘प्रायरी’ काय होती?

पिएर प्लांतार या फ्रेंच गृहस्थाने १९५६ मध्ये रीतसर नोंदवलेले एक किरकोळ मंडळ. स्वत:ला प्राचीन फ्रेंच राजघराण्याचा वारस ठरवण्यासाठी त्याने आणि साथीदारांनी बनावट वंशावळी रचल्या व १९६० च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा केल्या. ग्रंथालय आलेले कागद सांभाळते, त्यांच्या खरेपणाची हमी देत नाही. पण ‘राष्ट्रीय ग्रंथालयातील दस्तऐवज’ म्हटले की वाचकाचा निम्मा संशय तिथेच विरतो. १९८२ मध्ये ‘द होली ब्लड अँड द होली ग्रेल’ या पुस्तकाने याच कागदांच्या आधारे येशूच्या वंशाचा सिद्धान्त मांडला. १९९३ मध्ये प्लांतारने चौकशी न्यायाधीशापुढे बनावाची कबुली दिली. ब्राऊन यांची कादंबरी त्यानंतर दहा वर्षांनी आली, तरी ‘तथ्य’ तसेच राहिले.

न्यायालयात काय झाले?

१९८२ च्या पुस्तकाच्या तीनपैकी दोन लेखकांनी ब्राऊन यांच्या प्रकाशकांवर लंडनमध्ये खटला भरला. पेच मजेदार होता. आम्ही लिहिले तो इतिहास, असे म्हणावे तर इतिहासावर कोणाची मालकी नसते. आणि कल्पना म्हणावी, तर वीस वर्षांचा दावाच कोसळतो. २००६ मध्ये ते हरले. (न्यायमूर्ती पीटर स्मिथ यांनी निकालपत्रातही तिरप्या अक्षरांत एक सांकेतिक संदेश दडवला होता!)

मग वाचकाला दोष द्यायचा का?

थोडासाच. कादंबरीकाराने हवे ते रचावे; पण ‘हे खरे आहे’ अशी सही करून रचू नये. त्या सहीची किंमत इतरांनी मोजली. पॅरिसच्या सॅं-सुल्पीस चर्चला, आमच्या फरशीवरची पितळी रेघ म्हणजे कादंबरीतली ‘रोझ लाइन’ नव्हे, असा खुलासा लावावा लागला. भारतात चित्रपटाला ‘हे काल्पनिक आहे’ ही सूचना सक्तीची झाली, आणि तरीही गोव्यासह काही राज्यांनी बंदी घातली. बंदीने संशय कमी होत नाही, ‘काहीतरी लपवताहेत’ या समजाला बळच मिळते.

सर्वाधिक त्रास झाला रेन-ल-शातो या छोट्या फ्रेंच गावाला. तिथले धर्मगुरू बेरांजे सोनिएर यांच्याकडे पैसा आला, तो मुख्यत: प्रार्थनांसाठी घेतलेल्या दक्षिणेतून, चर्चने त्यांच्यावर त्याबद्दल कारवाईही केली होती. दंतकथेने त्याचा खजिना केला. खोदकामाला गावात १९६५ पासून मनाई आहे. तरी खजिन्याचे शोधक थांबेनात, म्हणून २००४ मध्ये सोनिएर यांचे अवशेष दफनभूमीतून हलवावे लागले.