विश्लेषण : मटण महाग, मग मेंढपाळ मागे का?

मटणाच्या दुकानात किलोमागे सात-आठशे रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाईकाला वाटते, मेंढपाळाची चांदी असणार. प्रत्यक्षात माण, जत, आटपाडी, पारनेर या पट्ट्यात कळप मोडून मुंबईत हमालीला किंवा परराज्यांत सोने-चांदी गलाईच्या धंद्यात गेलेली तरुण मुले घराघरांत सापडतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ कुरणे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. राज्यातील मेंढपाळाच्या धंद्याचे गणित कुठे बिघडले आणि ते बसवता येईल का, हे पाहण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे.

मेंढ्या वाढल्या की घटल्या?

देशाचा आकडा उत्साह वाढवणारा आहे. २०१९च्या पशुगणनेनुसार भारतात ७ कोटी ४२ लाख मेंढ्या होत्या. २०१२च्या तुलनेत ही वाढ १४ टक्क्यांची. पण तिचा मोठा वाटा तेलंगणाचा. तिथल्या सरकारने २०१७पासून २० मेंढ्या आणि एक नर असा संच ७५ टक्के अनुदानावर वाटला आणि राज्यातील मेंढ्यांची संख्या १ कोटी ९० लाखांवर गेली. त्यातल्या अनेक मेंढ्या शेजारच्या राज्यांतून विकत आणलेल्या होत्या. म्हणजे एका राज्याची वाढ ती दुसऱ्याची घट. पुढे या योजनेतील गैरव्यवहाराची चौकशी सुरू झाली, ती अगदी सक्तवसुली संचालनालयापर्यंत पोहोचली. महाराष्ट्रात २७ लाखांच्या आसपास मेंढ्या आहेत आणि २०१२ ते २०१९ या काळात त्यांत जेमतेम भर पडली. याच काळात राज्यातील शेळ्या मात्र ८४ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर गेल्या. शेळी दारात, खुंट्याला बांधून पोसता येते. मेंढी कळपात चालते, तिला रान लागते. दोन्ही आकड्यांतला फरक बराचसा इथेच आहे.

ग्राहकाचे पैसे जातात कुठे?

मेंढपाळाच्या घरात पैसा येतो तो मुख्यतः कोकरे विकून. कोकरू तीन-चार महिन्यांचे झाले की व्यापारी वाड्यावरच येतो. वाडा म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचा तळ. सौदा होतो नगावर, अंदाजाने. व्यापारी पाठीवरून, कमरेवरून हात फिरवतो आणि आकडा सांगतो. रोज पन्नास जनावरे चाचपणाऱ्या हाताचा अंदाज आणि महिन्यातून एकदा विकणाऱ्याचा अंदाज यांत जिंकणार कोण, हे सांगायला नको. लोणंद, आटपाडी, सांगोला येथील बाजार मोठे आहेत, बाजार समित्या शुल्कही घेतात. पण जनावर काट्यावर चढवून वजनाने सौदा करण्याची पद्धत तिथे रुळलेली नाही. ऊस काट्यावर मोजून देण्यासाठी ज्या राज्यात आंदोलने झाली, तिथे मेंढरासाठी साधा काटा कोणी मागत नाही, याचे आश्चर्य वाटते.

दुसरा प्रश्न विकण्याच्या वेळेचा. त्याच कोकराला आणखी तीन महिने सांभाळले तर वजन आणि भाव दोन्ही वाढतात. पण दवाखाना, मुलीचे लग्न, पिकअपचे भाडे यासाठी हातात रोकड लागते आणि कळप हीच मेंढपाळाची बँक असते. ज्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली, त्यालाच त्याने म्हणेल त्या दराने माल द्यायचा. अधूनमधून आटपाडीच्या बाजारात माडग्याळ जातीच्या एखाद्या मेंढ्याला ७० लाखांची बोली आल्याच्या बातम्या झळकतात. देखण्या, रोमन नाकाच्या नराची ती हौसेची बाजारपेठ आहे. तिच्यावरून धंद्याचा अंदाज बांधणे म्हणजे शर्यतीच्या बैलावरून नांगरटीचा हिशेब मांडण्यासारखे आहे.

लोकरीचे काय झाले?

दख्खनी मेंढीची लोकर जाडी, भरड आणि बहुतेक काळी. घोंगडी आणि जेन यांसाठी ती उत्तम, स्वेटरसाठी निरुपयोगी. सनगर कारागिरांचे माग बंद पडत गेले, घरोघरी स्वस्त ब्लँकेट आले आणि लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरीही सुटेना. तरी कातरावे तर लागतेच, नाहीतर उन्हाळ्यात मेंढी हैराण होते, अंगात किडे होतात. त्यामुळे कित्येक ठिकाणी लोकर कातरून तिथेच टाकून देतात.

हे दुखणे फक्त आपले नाही. न्यूझीलंड हा मेंढ्यांचा देश. १९८२मध्ये तिथे ७ कोटी मेंढ्या होत्या, आज त्या अडीच कोटींहूनही कमी आहेत. सरकारने शेती अनुदाने काढून घेतली, दुधाच्या गायी परवडू लागल्या आणि जाड्या लोकरीचे भाव कोसळले. अलीकडच्या वर्षांत तिथल्या शेतकऱ्यालाही कातरणीचा खर्च लोकरीतून भरून काढणे अवघड झाले. फरक असा की, त्याच्या कुरणाला कुंपण आहे, जमीन त्याच्या नावावर आहे आणि मांस थेट कारखान्यात वजनावर, प्रतवारीने विकले जाते. आपल्या मेंढपाळाकडे या तीनपैकी एकही गोष्ट नाही.

चरायचे कुठे?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. पावसाळा गावाकडच्या माळावर काढायचा, दिवाळीनंतर वाडा घेऊन निघायचे, कोणी कोकणात, कोणी भीमा-कृष्णेच्या काठाने, आणि मृगाआधी परतायचे, असा हा फेरा. वाटेत शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतो. रात्रभर कळप शेतात बसला की लेंडी-मुताचे खत आपोआप पडते. बदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा रोख मिळते. दोघांनाही परवडणारा हा व्यवहार शेकडो वर्षे चालला आणि आजही सेंद्रिय खताची टंचाई पाहता शेतकऱ्याला तो हवाच आहे. अडचण मोकळ्या रानाची आहे. पाणी आले तिथे ऊस आला. जिथे ऊस नाही तिथे द्राक्ष, डाळिंब आणि कुंपण. कोकणात भात कापल्यावर रिकामी पडणारी खाचरे आता आंबा-काजूच्या बागांनी वेढलेली. तणनाशक फवारलेल्या बांधावर कळप शिरला तर तोटा मेंढपाळाचाच.

उरतात गायरान, माळ आणि वनजमीन. सरकारी दप्तरात गवताळ माळाची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी असते. पडीक म्हटले की तिथे सौर प्रकल्प, पवनचक्की, औद्योगिक वसाहत किंवा वृक्षलागवड करायला कोणाचीच हरकत नसते. वृक्षलागवडीचे कौतुक करणाऱ्यांना हे रुचणार नाही, पण गवताच्या माळावर खड्डे खणून झाडे लावणे हे पर्यावरणाचे काम नाही. त्या माळावर लांडगा, माळढोक, काळवीट आणि मेंढी एकत्र नांदत आले आहेत. लांडगा कोकरे नेतो, तरीही.

वनखात्याशी मेंढपाळाचा संबंध येतो तो दंडाच्या पावतीपुरता. वास्तविक २००६च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांचा चराईचा आणि हंगामी वावराचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. पण अनुसूचित जमातीत नसलेल्या दावेदाराला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. जो समाज वर्षातील सहा-सात महिने मुक्काम बदलत असतो, त्याने कोणत्या गावचा पुरावा आणायचा? धनगर समाजाचे राजकारण आरक्षणाभोवती फिरते. मोर्चे, उपोषणे, न्यायालयीन लढाया त्यासाठीच होतात. त्या मागणीचे गुणदोष काहीही असोत, चराईचा प्रश्न तिच्या सावलीत झाकला गेला आहे, हे नाकारता येत नाही.

सरकारी योजना पुरत नाहीत का?

योजना आहेत. पुण्यात मुख्यालय असलेले पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि एक नर असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी महिना ६ हजार रुपयांप्रमाणे २४ हजार रुपये चराई अनुदानाचीही तरतूद आहे. ही कल्पना खरोखर चांगली, कारण पेरण्या झालेल्या असताना पावसाळ्यातच कळपाची सर्वाधिक कोंडी होते. अडचण निधीची आणि अर्जदारांच्या गर्दीची आहे.

केंद्राच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात मोठी रक्कम आहे. ५०० मेंढ्या-शेळ्या आणि २५ नरांच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत, निम्मे भांडवली अनुदान. पण त्यासाठी जमीन, प्रकल्प अहवाल आणि बँकेचे कर्ज लागते. वाड्यावर राहणाऱ्या माणसाकडे यातले काय असते? या योजनेतून गोठा उभा राहील, शेड उभी राहील, शहरातला गुंतवणूकदार शेळीपालक होईल. मेंढपाळापर्यंत ती पोहोचायची असेल, तर कळपालाच तारण मानावे लागेल.

विम्याचेही तसेच. केंद्राने २०२४मध्ये पशुधन विम्यातील पशुपालकाचा हिस्सा १५ टक्क्यांवर आणला, हे स्वागतार्ह. मात्र दाव्यासाठी कानातला बिल्ला हवा, पंचनामा हवा, शवविच्छेदन हवे. बिल्ला काटेरी झुडपात अडकून पडतो आणि मेंढी मरते परजिल्ह्यात. डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला अवकाळी पाऊस आणि गारठ्याने जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर भागांत एका-दोन रात्रींत शेकडो मेंढ्या दगावल्या, तेव्हा अनेक कुटुंबे उघड्या रानात होती. आपत्ती निधीच्या २०२२-२६च्या निकषांनुसार मेंढीमागे ४ हजार रुपये आणि कुटुंबाला जास्तीत जास्त ३० मेंढ्यांची भरपाई मिळते. गाभण मेंढीचा बाजारभाव याच्या दुप्पट-तिप्पट असतो.

मोठ्या जनावरांच्या बाजाराचा संबंध काय?

वरवर पाहता नाही, पण खोलात आहे. महाराष्ट्रात २०१५पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशी त्यातून वगळल्या आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६मध्ये परराज्यातून आणलेले गोमांस बाळगण्यावरील बंदी रद्द केली, कत्तलबंदी कायम ठेवली. राज्यातील गोवंश २०१२ ते २०१९ दरम्यान सुमारे १० टक्क्यांनी घटून १ कोटी ४० लाखांवर आला. ट्रॅक्टर हे त्याचे मोठे कारण, पण एकमेव नव्हे. म्हातारा बैल विकून नव्या जोडीची निम्मी किंमत उभी करण्याचा शेतकऱ्याचा मार्ग बंद झाला, तेव्हा त्याने बैल ठेवणेच कमी केले. २०२५च्या पावसाळ्यात कथित गोरक्षकांच्या त्रासाला कंटाळून कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा अनेक आठवडी बाजार ओस पडले आणि ओरड झाली ती शेतकऱ्यांची, कारण कायदेशीर असलेल्या म्हशीही उठेनात. सरकार गोशाळेतील देशी गायीसाठी दिवसाला ५० रुपये देते. दारातल्या भाकड गायीसाठी शेतकऱ्याला काही मिळत नाही.

या सगळ्यामुळे छोट्या शेतकऱ्याचा पैसा शेळी-मेंढीकडे वळला. जनावर कधीही विकता येते, कोणी गाडी अडवत नाही. मात्र चाऱ्यासाठीचे स्पर्धक त्यामुळे वाढले. निर्यातीतही म्हशीच्या मांसाची मक्तेदारी आहे. वर्षाला सुमारे ४ अब्ज डॉलरचे म्हशीचे मांस व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इराकला जाते. मेंढी-शेळीच्या मांसाची निर्यात त्याच्या पासंगालाही पुरत नाही. प्रमाणित कत्तलखाना, शीतसाखळी आणि रोगमुक्तीचा दाखला हे तीनही म्हशीच्या व्यापाराने उभे केले, मेंढीच्या व्यापाराने नाहीत.

जुळी कोकरे हा उपाय आहे का?

दख्खनी मेंढी एका वेळी बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील चिमुकल्या गरोळ मेंढीतील जुळे देणारे जनुक दख्खनी कळपात आणले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातील संशोधक त्यात सहभागी होते. त्यातून ‘सुवर्णा’ जात तयार झाली. रक्ताच्या चाचणीने कोणत्या पिल्लात जनुक आहे हे कळते, हे विशेष. एका मेंढीमागे जादा कोकरू म्हणजे उत्पन्नात थेट वाढ. परंतु जुळ्यांना आईचे दूध पुरले पाहिजे. रोज दहा-पंधरा किलोमीटर चालणाऱ्या कळपात दुसरे कोकरू जगवणे कठीण जाते. म्हणून ही जात अर्धबंदिस्त पालनात, थोडी जमीन आणि चारा असलेल्या कुटुंबात खुलते. लांब पल्ल्याच्या वाड्यांसाठी त्याआधी पीपीआर, आंत्रविषार, नीलजिव्हा यांवरची लस वेळेवर आणि वाटेत मिळणे जास्त मोलाचे. पीपीआरचे २०३०पर्यंत जगातून उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठरलेले आहे. लसीकरणाचे पथक गावच्या यादीवर चालते आणि कळप रस्त्यावर असतो, ही गाठ सुटल्याशिवाय ते गाठता येणार नाही.

परदेशी मटणाची भीती किती?

ऑस्ट्रेलियाशी डिसेंबर २०२२मध्ये लागू झालेल्या करारानुसार तिथल्या मेंढीच्या मांसावरील ३० टक्के आयातशुल्क गेले. न्यूझीलंडबरोबरच्या वाटाघाटी डिसेंबर २०२५मध्ये पूर्ण झाल्या, त्यातही मेंढीचे मांस आहे. गोठवलेले मटण तूर्त तारांकित हॉटेलांपुरते राहील. आपला ग्राहक दुकानात डोळ्यांसमोर कापलेल्या ताज्या मटणाचाच आग्रह धरतो, हे मेंढपाळाचे सर्वात मोठे संरक्षण आहे. धोका आहे तो हॉटेल आणि ऑनलाइन विक्रीच्या वाढत्या बाजारात, जिथे मेंढपाळ गटांना आज शिरकाव करता आला असता.

ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालेल्या २१व्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांची पहिल्यांदाच स्वतंत्र नोंद करण्याचे ठरले. तोवर कोणत्या जिल्ह्यातून किती वाडे निघतात, कोणत्या वाटेने जातात, याचा सरकारी कागद नव्हता. तो तयार झाला तर लसीकरणाची ठिकाणे, फिरते दवाखाने, वाटेवरच्या शाळा आणि चराईचे परवाने त्यावरून आखता येतील. चराई अनुदानाचा अर्ज करतानाही आज मेंढपाळाला आपल्या कळपाचा दाखला गावच्या पशुवैद्यकाकडूनच आणावा लागतो आणि त्यासाठी वाडा सोडून एसटीने गावी परतावे लागते.