ऊस लावून झाल्यावर दुष्काळ ठरवू नका

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, मुंबई

महोदय,

मराठवाड्यातल्या दुष्काळाकडे राज्याचे लक्ष जाते ते मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हा ठरवण्यासारखे फारसे काही हाती उरलेले नसते. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली ती 12 एप्रिल 2016 रोजी. मांजरा धरण त्याआधीच कोरडे पडले होते. त्या उन्हाळ्याची टंचाई उन्हाळ्यात जन्मली नव्हती. पावसाळा संपल्यापासून संक्रांतीपर्यंत पाणी कोणत्या पिकाला दिले जाते, विहिरींतून किती उपसले जाते, यावर मे महिना ठरतो. म्हणून माझी मागणी एकच आहे. तुटीच्या वर्षी नव्या ऊसलागवडीला पाणी मिळणार नाही, हे प्राधिकरणाने 15 ऑक्टोबरलाच जाहीर करावे आणि तसा कायमचा नियम आधीच करून ठेवावा.

पूर्वहंगामी उसाची लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, सुरू उसाची जानेवारी-फेब्रुवारीत. पाऊस कमी झाला तरी या काळात विहिरींना पाणी असते, रानात ज्वारी-हरभरा हिरवा दिसतो, कारखान्यांचे गाळप सुरू झालेले असते. टंचाई डोळ्यांना दिसत नाही. पण या दिवसांत लावलेला ऊस पुढचा सबंध उन्हाळा पाणी मागत उभा राहतो. पाटाने दिल्यास त्याची गरज साधारण 2000 ते 2500 मिलिमीटर. मराठवाड्याचा सरासरी पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास. राज्यात पिकाखालच्या जमिनीपैकी जेमतेम 4 टक्के जमिनीवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी जवळपास 70 टक्के घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच नोंदवले आहे. याउलट रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर उगवते, दोन-तीन पाण्यांत भरते आणि वर कडबा देते. दुष्काळात जनावर विकावे लागते ते पाण्याइतकेच वैरणीपायी, हे मुंबईत बसून सहज विसरले जाते.

आपल्याच 19 सप्टेंबर 2014 च्या आदेशाने गोदावरीच्या पाण्याच्या समन्यायी वाटपाला आकार दिला. 15 ऑक्टोबरला आढावा घ्यायचा आणि जायकवाडी धरणात 65 टक्क्यांहून कमी पाणी असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून सोडायचे, ही चौकट न्यायालयातही टिकली. तरी 2023 मध्ये काय झाले? त्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जायकवाडी निम्म्याहून कमी भरले. 8.6 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश 30 ऑक्टोबरला निघाला, विरोध आणि न्यायालयीन लढाई झाली, आणि पाणी प्रत्यक्ष सुटले नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर नदीचे पात्र आणखी वाळलेले, ज्वारीची पेरणी उरकलेली. 31 ऑक्टोबरला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, पुढच्या काही दिवसांत हजाराहून अधिक महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती मान्य झाली. म्हणजे धरणांच्या आढाव्याला तारीख आहे, केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेमुळे खरीप दुष्काळाच्या घोषणेलाही तारीख आहे. नव्या बारमाही पिकाला पाणी नाकारण्याला मात्र कोणतीच तारीख नाही. 2024 च्या उन्हाळ्यात राज्यात 3 हजारांहून अधिक टँकर धावले, त्यामागे ही उणीवही होती.

हे आपल्या अधिकारात नाही, असे म्हणता येणार नाही. आपल्या प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्याच्या कलम 14(4) मध्ये बारमाही पिकाला कालव्याचे पाणी ठिबक किंवा तुषार सिंचनाच्या अटीवरच देण्याची तरतूद आहे, आणि ती कुठे व केव्हापासून लागू करायची हे ठरवण्यात आपलीच भूमिका आहे. 2009 च्या भूजल कायद्यानुसार राज्य भूजल प्राधिकरणाचे कामही आपल्याकडेच आहे, आणि अधिसूचित क्षेत्रात जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधन घालण्याची वाट त्या कायद्यात आहे. दोन्ही एकत्र वापरणे अटळ आहे. केवळ कालवा बंद केला तर तोच ऊस विंधन विहिरीवर जगवला जाईल आणि शेजारच्या गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर आटेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबरमध्ये मोजते. आकडे वेळेवर येतात, निर्णय त्यांच्या मागे राहतो.

आक्षेप येतील, आणि त्यातला पहिला खरा आहे. उसाला एफआरपी (रास्त आणि किफायतशीर दर) आहे, कारखाना तोडून नेतो. तुरीला आणि हरभऱ्याला हमीभाव कागदावर असून खरेदी केंद्र वेळेवर उघडत नाही. अशा शेतकऱ्याला ऊस लावू नको म्हणणारे सरकार त्याला तोट्यात ढकलते. म्हणूनच बंदीच्या त्याच आदेशात ज्वारी, हरभरा आणि करडईसाठी पाणीपाळ्यांची खात्री हवी, आणि खरेदीची हमी सरकारकडून आपण मागून घ्यावी. उभ्या उसाला मी हात लावायला सांगत नाही. प्रश्न फक्त नव्या लागणीचा आहे. दुसरा आक्षेप असा की परतीचा पाऊस उशिरा पडला तर निर्णय चुकेल. पडला तर नोव्हेंबरमध्ये पाणी वाढवून देता येते. लावलेला ऊस मात्र फेब्रुवारीत उपटून टाका असे कोणी सांगू शकत नाही. या दोन चुकांची किंमत सारखी नाही. तिसरे म्हणणे नगर-नाशिकच्या शेतकऱ्यांचे: आम्ही का सोसायचे? आज त्यांना नोव्हेंबर उलटेपर्यंत स्वतःच्या वाट्याचे पाणीच कळत नाही. लवकर झालेला निर्णय त्यांच्या कांद्याला आणि द्राक्षालाही उपयोगाचा आहे. शिवाय नियम खाली मराठवाड्यातल्या उसालाही तितकाच लागू झाला, तर वरच्या भागातून येणारे पाणी उसासाठीच जाते हा त्यांचा जुना रागही निवळेल.

2025 च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात अतिवृष्टीने शेते खरवडून गेली, तेव्हा या विषयाची घाई काय, असे वाटू शकेल. मला उलट वाटते. तुटीच्या वर्षी प्रत्येक टीएमसीवर कोणाचे तरी पीक उभे असते आणि प्रत्येक आदेश न्यायालयात जातो. असा नियम धरणे भरलेली असतानाच करता येतो. आपण गोदावरी आणि मांजरा खोऱ्यांसाठी या प्रश्नावर जाहीर सुनावणी लावावी, वरच्या आणि खालच्या दोन्ही भागांतल्या शेतकऱ्यांना बोलवावे, आणि पुढचा 15 ऑक्टोबर येण्याआधी आदेश काढावा, ही विनंती.

आपला,
एक नागरिक